डाव्या मागच्या काचेच्या नोंदी

रविवार, १४ एप्रिल २०२४. विश्रामबाग, सांगली

सकाळी सव्वासहाच्या सुमारास दूध घेण्यासाठी खाली उतरले, तेव्हा आवारात उभ्या असलेल्या आमच्या गाडीच्या डाव्या मागच्या दाराला काच नव्हती. सीटवर, आतल्या पायपुसण्यावर आणि दाराखालच्या फरशीवर हरभऱ्याएवढ्या तुकड्यांचा खच पडला होता. गाडी शुक्रवारी संध्याकाळपासून जागची हललेली नव्हती, चारही काचा पूर्ण वर होत्या आणि दारे कुलूपबंद होती. मागच्या सीटवरचा विद्यार्थ्यांच्या वह्यांचा गठ्ठा, छत्री आणि गियरजवळच्या खणातले टोलसाठी ठेवलेले सुटे पैसे यांपैकी काहीही हललेले नव्हते.

सासऱ्यांनी खराटा हातात घेतलाच होता. मी त्यांना थांबवले आणि त्यावरून सकाळीच थोडी बोलाचाली झाली, कारण अनवाणी फिरणारी नात घरात असताना काचा तशाच पसरून ठेवणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. शेवटी दोरी बांधून जागा अडवली, फोटो काढले आणि दुपारपर्यंत सगळा चुरा दोन पिशव्यांत वेगवेगळा भरला: एकीत गाडीच्या आतला, दुसरीत बाहेरचा. दारावर जाड प्लास्टिक चिकटवले.

काच किती वाजता फुटली हे सांगता येत नाही. काल रात्री बारानंतर आंबेडकर जयंतीचे फटाके सुरू झाले होते. साडेबाराच्या सुमारास त्यांतला एक आवाज बराच जवळून आल्यासारखा वाटला, असे शेजारच्या काकू म्हणाल्या, पण त्यांनाही तो तेव्हा फटाकाच वाटला होता.

सोमवार, १५ एप्रिल

विभागात ही हकीकत सांगितल्यावर द्वितीय वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘मॅडम, हे शोधून काढूया का?’ असे विचारले. पदार्थविज्ञान आणि ताण-विकृती हे विषय मी अठरा वर्षे शिकवते आहे, तेव्हा नाही म्हणणे अवघड होते. म्हणून ही वही प्रयोगशाळेच्या नावाने सुरू केली.

कालपासून जमा झालेली कारणे आधी मांडून घेतली. मुलांचा चेंडू, नारळ, माकड, चोर, फटाका, उन्हाचा तडाखा, आणि सासूबाईंच्या मते दृष्ट. नारळाचे झाड आवारात नाही. चेंडू किंवा दगड असता तर तो आत सापडला असता, कारण बंद गाडीत शिरलेली वस्तू परत बाहेर जायला वाट नव्हती. फटाक्याच्या कागदाचा कपटा किंवा काजळीचा डाग कोठेही नाही, शिवाय रस्ता आणि गाडी यांच्यामध्ये सात फुटी भिंत आहे.

चोराचा विचार थोडा अधिक करावा लागला. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीसारख्या भागाचा बारीक तुकडा फेकून गाडीची काच फोडण्याची रीत सर्वज्ञात आहे. तो भाग अ‍ॅल्युमिनाचा असतो, काचेपेक्षा कितीतरी कठीण, आणि त्याचे तुटलेले टोक इतके तीक्ष्ण असते की हलक्या फेकीनेही काचेच्या कातडीला खोल जखम होते. पण तसा कण दोन्ही पिशव्यांत भिंगाखाली सापडला नाही, आणि काच फोडून काहीही न नेणारा चोर मला पटत नाही.

बुधवार, १७ एप्रिल

आतल्या पिशवीचे वजन १,४६२ ग्रॅम आणि बाहेरच्या पिशवीचे ५४१ ग्रॅम भरले. विद्यार्थ्यांनी त्यावरून लगेच ‘आघात बाहेरून झाला’ असा निष्कर्ष काढला. तो मी खोडायला लावला. दारातली काच सरळ उभी नसते. तिचा वरचा भाग छताकडे, म्हणजे आतल्या बाजूला कललेला असतो. आधार सुटला की बहुतेक तुकडे आतच पडणार, मग कारण काहीही असो.

तुकड्यांची जाडी व्हर्नियरने ३.५ मिलिमीटर आली. कोपऱ्याच्या एका तुकड्यावर आयएस २५५३ हा भारतीय मानकाचा क्रमांक अर्धवट वाचता येतो. अशी ‘टफन’, म्हणजे उष्णतेने कणखर केलेली, काच कापून, कडा घासून झाल्यावर ६२० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारून एकदम निववतात. वरचा थर आधी घट्ट होतो. आतला भाग मागाहून निवताना आकसू पाहतो, पण घट्ट झालेली कातडी त्याला आकसू देत नाही. त्यामुळे दोन्ही पृष्ठभाग कायमचे दाबाखाली राहतात आणि मधला गाभा कायमचा ओढीखाली. दाबाखालचा थर प्रत्येक बाजूने जाडीच्या सुमारे एक पंचमांश असतो, म्हणजे आमच्या काचेत ०.७ मिलिमीटर. ओरखडा या थरात आहे तोवर काच निर्धास्त असते. तो गाभ्यापर्यंत पोहोचला की साठवलेली सगळी ऊर्जा एकदम सुटते, भेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावत आणि फाटे फोडत जाते, आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी काचेचे दाणे होतात.

हे दाणे बोथट असतात आणि बसलेल्या माणसाला फारसे कापत नाहीत, म्हणूनच दाराला ही काच वापरतात. पुढची काच वेगळी, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा घालून केलेली. ती तडकते, पण जागेवर राहते. आमच्या दाराच्या काचेला फिल्म असती तर तीही फुटूनसुद्धा जागेवर लोंबत राहिली असती आणि भेगांची नक्षी पाहून सुरुवात कोठून झाली ते बोट ठेवून दाखवता आले असते. पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिल्मवर बंदी घातली तेव्हा आम्ही जुन्या गाडीची फिल्म निमूटपणे काढली होती, आणि या गाडीला कधी लावलीच नाही. कायदा पाळल्याचा एवढा एकच तोटा आजवर झाला आहे.

शनिवार, २० एप्रिल

उन्हाचा मुद्दा निकालात काढण्यासाठी दिरांची गाडी मागून आणली आणि महाविद्यालयाच्या मैदानावर सकाळी ११ ते दुपारी ३ उभी केली. बाहेर सावलीत ३९ अंश, बंद गाडीतल्या हवेत ५७, काचेच्या मध्यावर ५१ आणि दाराच्या आत लपलेल्या खालच्या कडेपाशी ४४ अंश अशी नोंद मिळाली. म्हणजे एकाच काचेत फरक ७ अंशांचा. काचेचा प्रसरणांक आणि लवचिकतेचा गुणांक घेऊन हिशेब केला तर त्यातून फार तर साडेचार मेगापास्कल ताण येतो. टफन काचेच्या पृष्ठभागावरचा दाब ६९ मेगापास्कल किंवा त्याहून अधिक असतो. साधी खिडकीची काच ४० अंशांच्या फरकाने तडकू शकते, पण टफन काच सुमारे २०० अंशांचा फरक सोसते.

शिवाय आमची काच रात्री फुटली. त्या वेळी वर-खाली मिळून एक अंशाचाही फरक नसणार. सासरे मात्र अजून ‘एप्रिलातलं ऊन’ यावरच ठाम आहेत, आणि काचेला मनातून राग आला की ती रात्री फुटते, असे त्यांचे म्हणणे आहे. हे वाक्य मी आज हसण्यावारी नेले.

बुधवार, २४ एप्रिल

दोघांपैकी एका विद्यार्थ्याने निकेल सल्फाइडविषयी वाचून आणले. हे कारण मला ठाऊक होते, खरे तर पहिल्या दिवसापासून मनात होते, आणि ते विद्यार्थ्याच्या तोंडून यावे म्हणून मी थांबले होते.

काच वितळवताना बुडबुडे काढण्यासाठी सोडियम सल्फेट घालतात, त्यातून गंधक येते. निकेल यंत्रांच्या स्टेनलेस स्टीलच्या एखाद्या कणातून येते. दोहोंचा मिळून केसाच्या जाडीएवढा एक गोल खडा काचेत राहून जातो. ३७९ अंशांच्या वर या पदार्थाची स्फटिकरचना एक असते, त्याखाली दुसरी. काच सावकाश निवली तर खड्याला रचना बदलायला सवड मिळते, पण टफन करताना ती काही सेकंदांत निवते आणि खडा उष्ण अवस्थेतच अडकून पडतो. मग साध्या हवामानात, महिन्यांनी किंवा वर्षांनी, तो हळूहळू बदलतो आणि बदलताना ४ टक्क्यांपर्यंत फुगतो. ओढीखालच्या गाभ्यात असा खडा फुगला की काच आतून फुटते, कोणी हात लावलेला नसताना. मेलबर्नमधील आयसीआय हाउस या उंच इमारतीच्या काचा अशा फुटू लागल्यावर बॅलंटाइन या ऑस्ट्रेलियन संशोधकाने १९६१ मध्ये त्याचा छडा लावला. आज मोठ्या इमारतींच्या टफन काचा बसवण्याआधी मुद्दाम भट्टीत काही तास तापवून ठेवतात, म्हणजे फुटणाऱ्या तिथेच फुटून जातात.

सहा वर्षांची गाडी, मध्यरात्रीची वेळ, आसपास कोणी नाही. सगळे जुळत होते. सासऱ्यांचे ‘मनातला राग’ हे वर्णनही या खड्याला किती चपखल बसते, हे मी संध्याकाळी त्यांना कौतुकाने सांगितले. विद्यार्थ्यांसमोर मी ‘शक्यता आहे’ एवढेच म्हणाले. मनात मात्र अहवालाचे शीर्षकसुद्धा तयार होते.

रविवार, २८ एप्रिल

आतून फुटलेल्या काचेत सुरुवातीच्या जागी दोन मोठे तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे शेजारी-शेजारी असतात, त्यांच्या मधल्या रेषेवर खडा असतो. ती जोडी शोधण्यासाठी प्रयोगशाळेत पांढरी चादर अंथरून दोघे विद्यार्थी आणि मी सकाळी दहापासून बसलो. दुपारी दोनपर्यंत अकरा जोड्या निघाल्या. प्रत्येक जोडी सुबक होती आणि एकाही जोडीच्या मधोमध काळा ठिपका नव्हता. फुलपाखरू शोधायला बसलेल्या माणसाला चादरभर फुलपाखरेच दिसतात, हे मला चौथ्या जोडीलाच समजायला हवे होते.

आणखी एक गोष्ट जेवताना लक्षात आली. इमारतीची १० मिलिमीटर जाडीची दोन चौरस मीटर काच पन्नास किलो भरते. आमची अडीच किलोच्या आसपास असेल. खडा काचेच्या वजनाच्या प्रमाणात सापडायचा, तर इमारतीच्या मानाने आमच्या वाट्याला त्याची शक्यता वीस पटींनी कमी. हा हिशेब पहिल्या दिवशी करायला हवा होता. तो केला नाही, कारण खड्याची गोष्ट मला आवडली होती.

बुधवार, ८ मे

निवडणुकीचे प्रशिक्षण आणि काल, ७ मे रोजी, झालेले मतदान यांत दहा दिवस गेले. गाडी प्लास्टिक लावूनच फिरते आहे. विम्याची चौकशी केली. सर्वंकष पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत, पण दावा केला तर पुढच्या हप्त्यातली विनादावा सवलत जाते. काचेच्या किमतीपेक्षा ती सवलत मोठी आहे, म्हणून दावा करणार नाही.

शनिवार, ११ मे

शंभर फुटी रस्त्यावरच्या काचवाल्या मामांकडे गाडी नेली. दार उघडण्याआधी मी त्यांना सगळी पार्श्वभूमी सांगितली. त्यांनी निकेल सल्फाइडचे प्रकरण अतिशय आदराने ऐकून घेतले आणि विचारले, ‘ताई, या दाराचं काम कधी केलं होतं?’

काम झाले होते. गेल्या नोव्हेंबरात मागच्या दोन्ही काचा वर-खाली होताना अडकू लागल्या, म्हणून एका गॅरेजमध्ये दोन्ही दारांचे रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली करणारी यंत्रणा, बदलून घेतले होते. चौदा एप्रिलपासून आजपर्यंत ही गोष्ट मी एकदाही वहीत लिहिली नव्हती, आणि मला ती कोणी विचारलीही नव्हती.

मामांनी आतले आवरण काढले. काचेची खालची कड दोन धातूच्या पकडींत धरलेली असते आणि पकडीच्या दोन्ही जबड्यांना रबराचे अस्तर असते, जेणेकरून लोखंड काचेला थेट लागू नये. पुढच्या पकडीत अस्तर होते. मागच्या पकडीत नव्हते. जबड्याचा रंग एका जागी घासून धातू चकचकीत झाला होता आणि त्यात काचेचे काही तुकडे अजून घट्ट धरलेले होते. मामा पक्कड घालणार तोच मी त्यांना हात धरून थांबवले, फोटो घेतले आणि पकड तशीच, तुकड्यांसह, सोडवून घेतली.

‘कुणी फोडली न्हाई ताई,’ मामा म्हणाले. ‘ती सहा महिने फुटतच होती. परवा तुमास्नी दिसलं एवढंच.’

दाराच्या पोकळीतून निघालेला चुरा आणि पकडीतले तुकडे मिळून ३८८ ग्रॅम भरले. तीन पिशव्यांची बेरीज २,३९१ ग्रॅम. नवी काच बसवण्याआधी मामांच्याच काट्यावर तोलली: २,४५२ ग्रॅम. म्हणजे ६१ ग्रॅम काच मिळालेली नाही. नव्या काचेला मामांनी चारही जबड्यांना नवे अस्तर लावले. काच आणि मजुरी मिळून २,४०० रुपये झाले. अस्तराचे पैसे त्यांनी लावले नाहीत.

मंगळवार, १४ मे

पकडीतले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. इतरत्र तुकडे साधारण सारख्या आकाराचे आहेत, पण येथे ते लांबट असून एका बिंदूपासून पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले आहेत. तो बिंदू काचेच्या कडेवर, अस्तर नसलेल्या जबड्याच्या अगदी समोर आहे. तेथे शिंपल्याच्या आकाराचा एक टवका उडालेला असून त्याची खोली ०.६ मिलिमीटर आहे.

खोलीपेक्षा त्याचा रंग महत्त्वाचा आहे. बाकी सर्व तुकड्यांच्या फुटलेल्या बाजू पाण्यासारख्या स्वच्छ आहेत, तर टवक्याची बाजू गंजाने आणि ग्रीसने तपकिरी झालेली आहे. ग्रीस आणि गंज एका रात्रीत काचेत शिरत नाहीत. टवका जुना आहे आणि तो ०.७ मिलिमीटरच्या दाबाच्या थरात जेमतेम मावत होता. उरलेल्या अंतरात काय घडले याचा अंदाज करता येतो: दार आपटले की जबडा काचेवर आपटे, पकडीच्या वाकड्या दाबाने त्या जागी ओढ निर्माण होई, आणि अशी ओढ असलेली काचेतली भेग दमट हवेच्या संगतीत अगदी सावकाश, कोणाला न दिसता, पुढे सरकत राहते. त्यामुळे शेवटचा धक्का आणि शेवटचा क्षण यांत तासांचे अंतर पडू शकते. आमच्या बाबतीत ते तीस तासांच्या आसपास असावे, कारण दार शुक्रवारी संध्याकाळी शेवटचे लावले गेले होते.

‘मग निकेल सल्फाइड नाही असं लिहायचं का?’ असे विद्यार्थ्याने विचारले. तसे लिहायचे नाही, असे ठरले. हरवलेल्या ६१ ग्रॅममध्ये खडा नसेलच असे आम्ही सिद्ध केलेले नाही. आम्ही एवढेच लिहू शकतो की भेगा ज्या जागेपासून पसरल्या ती जागा सापडली आहे आणि ती गाभ्यात नसून कडेवर आहे.

शनिवार, १८ मे

उजवे दार उघडून घेतले, कारण काम दोन्ही दारांचे एकाच दिवशी झाले होते. तेथेही मागच्या पकडीत अस्तर नाही. काचेच्या कडेवर पांढरी रेघ आणि तांदळाच्या कणीएवढा टवका आहे. मामा म्हणाले की जुन्या रेग्युलेटरवरची अस्तरे काढून नव्यावर चढवायची असतात, आणि दोन-दोनच चढवली की काम लवकर आटोपते. सहा महिने माझी सासू याच काचेला डोके टेकवून मिरजेपर्यंत झोपत जात होती. ही काचही बदलली आणि काढलेली काच गोधडीत गुंडाळून प्रयोगशाळेत आणली.

सोमवार, २७ मे

उजवी काच उभ्या लाकडी चौकटीत बसवली. दोन्ही बाजूंना तारेची जाळी लावली, एका पृष्ठभागावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, म्हणजे फुटली तरी नक्षी जागेवर राहील. आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा काचेच्या ५ सेंटिमीटर चौरसात किमान ४० तुकडे व्हावे लागतात. फुटल्यावर तेही मोजता येईल. पोलरॉइड चष्म्यातून आकाशाकडे धरून पाहिल्यावर थंड हवेच्या झोतांचे ठिपके काचभर रांगेने दिसले. ते पाहायला शेजारच्या विभागातले लोकही येऊन गेले.

डाव्या दाराची तीच अस्तर नसलेली पकड टवक्याच्या जागी बसवून बोल्ट ८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळला. आम्ही तिघेही दाराबाहेर उभे राहिलो. काही झाले नाही.

शुक्रवार, ३१ मे

काच शाबूत आहे. रोज सकाळी आणि संध्याकाळी चौकटीला रबरी हातोडीने दहा ठोके देण्याचे ठरवले, दार लावल्याची नक्कल म्हणून. एक विद्यार्थी म्हणाला की मॅडम, आपण पाणीही शिंपडूया. शिंपडतो आहोत.

शुक्रवार, ७ जून

अकरावा दिवस. बोल्ट १० न्यूटन-मीटरवर नेला. टवक्याची खोली बाजूने मोजली, २७ तारखेइतकीच, ०.३ मिलिमीटर आली. डाव्या काचेतल्या टवक्याच्या ती निम्मी आहे. हे आधी मोजूनही आम्ही आठवड्याभरात फुटेल असे का गृहीत धरले, याचे उत्तर वहीत कोठेही नाही. बाहेर दुपारपासून पाऊस आहे, हवा दमट झाली आहे. प्रयोगशाळेतले शिपाई मामा कुलूप काढण्याआधी दाराला कान लावतात आणि मगच आत पाऊल टाकतात. काच शाबूत.